ग्रहांचे उखाणे

कोडें घालणें आणि कोडें सोडविणें हा मनुष्याचा फार जुना छंद आहे. जात्यावर बसणाऱ्या बायकांपासून राजसभेंतील पंडितांपर्यंत सर्वांनीं तो जोपासला. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यानें तें झांकावें, ज्याला ठाऊक नाहीं त्यानें तें हुडकावें, आणि उत्तर कळलें कीं दोघांनींहि हंसावें, एवढाच या खेळाचा कायदा. परंतु या कायद्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, कोडें घालणाराला खरें उत्तर माहीत असतें. आकाशांतील वस्तूंविषयीं हा खेळ मांडला म्हणजे नेमकी हीच गोष्ट गृहीत धरतां येत नाहीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील दोन थोर ज्योतिषी असाच एक खेळ खेळले. एकानें कोडें घातलें, दुसऱ्यानें तें सोडवूं पाहिलें. सोडविणारा चुकला, आणि पुढें असें निष्पन्न झालें कीं, घालणाराहि चुकलाच होता. त्या खेळाची हकीकत मनोरंजक तर आहेच, पण अंदाज कोठें संपतो आणि ज्ञान कोठें सुरू होतें, हेंहि तींतून चांगलें कळून येतें.

कोडें घालणारा होता गॅलिलिओ. १६०९ सालीं पादुआच्या विद्यापीठांत गणित शिकवीत असतां त्यानें स्वतःच्या हातानें भिंगें घासून दुर्बीण तयार केली व ती आकाशाकडे वळविली. १६१० च्या जानेवारींत त्याला गुरूभोंवतीं फिरणारे चार चंद्र दिसले, आणि मार्चमध्यें त्यानें तो वृत्तांत एका लहानशा लॅटिन पुस्तिकेंत छापून काढला. त्या पुस्तिकेनें सर्व युरोपांत खळबळ उडाली. त्याच वर्षाच्या जुलै महिन्याच्या अखेरीस त्यानें दुर्बीण शनीकडे लावली. शनि म्हणजे हळूहळू चालणारा, शनैश्चर. सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास त्याला सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात, आणि त्या काळीं ज्ञात असलेल्या ग्रहांत तोच सर्वांत दूरचा होता. आपल्याकडे साडेसातीच्या धाकानें ज्याचें नांव घेतलें जातें, तोच हा ग्रह. गॅलिलिओला तो एकटा दिसला नाहीं. मध्यें एक मोठें बिंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंस, जवळजवळ त्याला चिकटलेलीं, दोन लहान बिंबें, असें कांहीं विलक्षण त्याच्या दृष्टीस पडलें.

आतां हें प्रसिद्ध करावें तर आणखी कांहीं दिवस पाहून खात्री करून घ्यावयास हवी. आणि थांबावें तर तेवढ्यांत दुसरा कोणी दुर्बीणवाला तेंच पाहून पहिलेपणाचा मान पटकावणार! शास्त्रीय शोध छापणारीं नियतकालिकें तेव्हां नव्हतीं. तीं १६६५ पासून निघूं लागलीं. म्हणून त्या काळचे शास्त्रज्ञ एक युक्ति योजीत. शोध एका वाक्यांत लिहावयाचा, मग त्या वाक्याचीं अक्षरें विसकटून तो अक्षरांचा ढिगारा मित्रांकडे पाठवून द्यावयाचा. 'कमल' या शब्दाचीं अक्षरें फिरविलीं कीं 'कलम' होतें. तीच ही करामत, पण पुष्कळ मोठ्या प्रमाणावर. पुढें मूळ वाक्य उलगडून दाखविलें म्हणजे शोध कोणत्या दिवशीं हातीं आला होता याचा पुरावा आपोआप मिळे, आणि मधल्या काळांत खात्री करून घेण्यास सवडहि मिळे. गॅलिलिओनें सदतीस लॅटिन अक्षरांचा असा एक ढिगारा प्राग येथील तस्कनीच्या वकिलाकडे धाडला.

प्रागला बादशहा दुसरा रुडॉल्फ याच्या पदरीं राजगणिती होता योहान केप्लर. मंगळाची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे, हा त्याचा अमर सिद्धांत १६०९ सालींच प्रसिद्ध झाला होता. आठ कलांचा फरक पडतो एवढ्यावरून वर्षानुवर्षांची आंकडेमोड फेंकून देणारा हा पुरुष. त्याच्यापुढें सदतीस अक्षरें येऊन पडलीं. तीन अक्षरांच्या शब्दाच्या फार तर सहा मांडण्या होतात. सदतीस अक्षरांच्या मांडण्या मोजूं जातां आयुष्य पुरणार नाहीं. तेव्हां केप्लरनें अक्षरांवरून अर्थाकडे न जातां अर्थावरून अक्षरांकडे जाण्याचा मार्ग धरला. आकाशांत आतां काय सांपडण्यासारखें आहे, याचा त्यानें आधीं विचार केला. पृथ्वीला चंद्र एक, गुरूला चार; मग या दोघांच्या मधल्या मंगळाला दोन असावेत, असें अनुमान त्यानें त्याच वर्षीं एका पुस्तिकेंत मांडलेंहि होतें. हें एकदां मनांत बसल्यावर अक्षरें त्याप्रमाणें वांकूं लागलीं, आणि शेवटीं त्यांतून मंगळाच्या जुळ्या अपत्यांना वंदन करणारी एक ओळ निघाली. ती ओळ ओबडधोबड होती हें केप्लरलाहि मान्य होतें. परंतु मंगळाला दोन चंद्र सांपडले, हें कोड्याचें उत्तर त्याला पटलें.

बादशहालाहि कुतूहल आवरेना. अखेर १३ नोव्हेंबर १६१० रोजीं लिहिलेल्या पत्रांत गॅलिलिओनें उत्तर कळविलें. त्या अक्षरांचा अर्थ एवढाच होता कीं, सर्वांत उंचावरचा ग्रह तिहेरी आहे असें पाहण्यांत आलें. मंगळाचा त्यांत संबंधच नव्हता. केप्लर चुकला, परंतु तो रागावला नाहीं, कीं त्यानें आपली चूक लपविलीहि नाहीं. १६११ सालीं दुर्बिणीच्या शास्त्रावर त्यानें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेंत हा सारा पत्रव्यवहार आणि आपलें चुकलेलें उत्तर दोन्हीहि त्यानें छापून ठेविलीं आहेत. ही हकीकत आज एवढी तपशीलवार सांगतां येते ती त्याच्या या मोकळेपणामुळेंच.

पहिलें कोडें उलगडून महिना झाला नाहीं तोंच, ११ डिसेंबरला, दुसरें रवाना झालें. या वेळीं अक्षरांचा नुसता ढिगारा नव्हता. एक अर्थपूर्ण वाक्यच होतें, आणि शेवटीं दोन अक्षरें तेवढीं उरलीं होतीं. अद्याप न पिकलेल्या गोष्टी मी व्यर्थ वाचतों आहें, असा त्या वाक्याचा वरकरणी अर्थ. केप्लरनें पुन्हां प्रयत्न केला व पुन्हां तो फसला. १ जानेवारी १६११ च्या पत्रानें खरें वाक्य उघड झालें. त्यांत प्रेमदेवतांची माता चंद्राच्या आकृतींचें अनुकरण करते, असें काव्यमय विधान होतें. प्रेमदेवतांची माता म्हणजे शुक्र. चंद्राप्रमाणें शुक्रालाहि कला आहेत; तो कधीं कोरीसारखा, कधीं अर्धा, तर कधीं जवळजवळ पूर्ण दिसतो.

वाक्य गोड होतें, पण त्याच्या पोटांत दारू ठासलेली होती. टॉलेमीच्या जुन्या मताप्रमाणें शुक्र नेहमीं पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या भागांतच राहतो. तसें असेल तर त्याची प्रकाशित बाजू पृथ्वीकडे पुरती कधींच वळणार नाहीं. तो सदैव कोरीसारखाच दिसावयास हवा. उलट तो सूर्याभोंवतीं फिरत असेल, तर सूर्याच्या पलीकडे असतांना त्याचें बिंब लहान पण भरलेलें दिसेल, आणि अलीकडे येतांना तें मोठें होत जाऊन कोरीसारखें होईल. मग शुक्र भरलेला कधीं दिसतो कीं नाहीं, या एका प्रश्नाच्या उत्तरावर टॉलेमीच्या व्यवस्थेचें भवितव्य ठरणार होतें. हा प्रश्न ५ डिसेंबर १६१० च्या पत्रांत गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यानेंहि त्याला विचारला होता. दुर्बीण ज्याच्या हातीं नाहीं असा मनुष्यहि नुसत्या विचारानें कोणता प्रश्न विचारावा हें ठरवूं शकतो, याचें हें सुंदर उदाहरण होय. प्रश्नाचें उत्तर शुक्रानें दिलें तें टॉलेमीच्या विरुद्ध. अर्थात् उत्तर जेवढें मिळालें तेवढेंच घ्यावयाचें. शुक्र सूर्याभोंवतीं फिरतो एवढें त्यानें सिद्ध झालें. पृथ्वीहि फिरते हें मात्र त्या एका उत्तरानें सिद्ध झालें नव्हतें, कारण टायको ब्राहीच्या मतांतहि पृथ्वी स्थिर राहून शुक्र सूर्याभोंवतींच फिरत असे.

एवढ्यावर गॅलिलिओचा विजय पुरा झाल्यासारखा दिसतो. पण शनीचें कोडें संपलें नव्हतें. १६१२ सालीं त्यानें पुन्हां दुर्बीण त्या ग्रहाकडे वळविली, तों दोन्ही बाजूंचे सोबती नाहींसे झालेले! मध्यें एकटें वाटोळें बिंब. रोमन लोकांच्या पुराणांत सॅटर्न म्हणजे शनि हा आपलींच मुलें गिळणारा देव आहे. त्या कथेची आठवण होऊन, शनीनें खरोखरच आपलीं मुलें खाल्लीं कीं काय, असें गॅलिलिओनें उद्विग्न होऊन लिहिलें. पुढें ते सोबती परत आले. १६१६ सालीं ते त्याला भांड्याच्या कानांसारखे लांबट दिसले. त्यानें जें दिसलें तें प्रामाणिकपणें काढून ठेविलें. पण तें काय आहे हें त्याला शेवटपर्यंत कळलें नाहीं. १६४२ सालीं तो वारला. केप्लरला कोडें घालून जिंकणारा हा पुरुष शनीनें घातलेल्या कोड्यापुढें हरला होता. त्याच्या वाक्यांतील अक्षरें बरोबर जुळत होतीं. चुकला होता तो 'तिहेरी' हा शब्द.

पुढील काळांत शनीविषयीं तर्कांचा नुसता पाऊस पडला. कोणी म्हणे, त्या ग्रहाच्या मध्यभागांतून वाफा निघतात. कोणी म्हणे, त्याला दोन चंद्रकोरी चिकटलेल्या आहेत. अखेर हॉलंडमधील क्रिस्तियान हॉयगेन्स यानें आपल्या भावाच्या मदतीनें अधिक चांगली दुर्बीण बनविली. १६५५ सालीं त्याला शनीचा एक चंद्र सांपडला, आणि १६५६ सालीं त्यानेंहि आपल्या पुस्तिकेच्या अखेरीस एक अक्षरांचें कोडें छापलें. अक्षरें वर्णक्रमानें लावून ठेवलेलीं, जणू कोणी धान्य निवडून निरनिराळ्या वाट्यांत भरलें आहे. १६५९ सालीं त्यानें तें उलगडलें. शनीच्या भोंवतीं पातळ, सपाट, ग्रहाला कोठेंहि न चिकटलेलें आणि क्रांतिवृत्ताशीं कललेलें असें एक वलय आहे, हें तें उत्तर. गॅलिलिओच्या कोड्यापासून येथवर एकूणपन्नास वर्षें गेलीं होतीं. लंडनमध्यें क्रिस्टोफर रेन, ज्यानें पुढें सेंट पॉलचें प्रचंड देवालय बांधिलें, तोहि शनीचा विचार करीत होता. १६५८ सालीं त्यानें स्वतःची एक निराळी उपपत्ति लिहून काढली होती; परंतु हॉयगेन्सचें वलय कानावर येतांच तें अधिक सरळ व अधिक साजेसें आहे असें ओळखून त्यानें आपली उपपत्ति सोडून दिली.

सर्वांनींच इतक्या सहज माघार घेतली नाहीं. १६६० सालीं रोममधील भिंगें बनविणारा कारागीर एउस्ताकिओ दिवीनी आणि गणिती ओनोरे फाब्री यांनीं हॉयगेन्सवर हल्ला चढविला. वलय वगैरे कांहीं नाहीं. शनीच्या मागें कांहीं काळे व कांहीं चकचकीत उपग्रह फिरतात, त्यांचाच हा सारा भास, असें फाब्रीचें म्हणणें. वाद गेला फ्लॉरेन्सला, गॅलिलिओच्याच नगरांत, राजपुत्र लिओपोल्डच्या आश्रयाखालीं चाललेल्या विद्वानांच्या मंडळापुढें. या मंडळानें केलेली परीक्षा मोठी मौजेची आहे. त्यांनीं दोन्ही मतांप्रमाणें शनीच्या प्रतिकृति बनविल्या, त्या एका लांबलचक दालनाच्या टोंकाशीं ठेवून दिवट्यांच्या उजेडानें उजळल्या, आणि दुसऱ्या टोंकाकडून दुर्बिणींतून पाहिल्या. पण पाहणारे जर स्वतः विद्वान्, तर ज्याचें जें मत त्याला तेंच दिसावयाचें! म्हणून ज्यांना या वादाची गंधवार्ताहि नव्हती अशा अशिक्षित माणसांना बोलावून, जें दिसेल तें कागदावर काढा, असें सांगण्यांत आलें. साध्या, कमी शक्तीच्या दुर्बिणींतून त्यांनीं वलयाची प्रतिकृति पाहिली, आणि काढलें काय? मध्यें एक मोठें बिंब आणि दोन बाजूंस दोन लहान बिंबें! पन्नास वर्षांपूर्वीं गॅलिलिओला नेमकें काय झालें होतें, हें त्या चित्रांनीं उकलून दाखविलें. त्याच्या डोळ्यांचा दोष नव्हता, बुद्धीचाहि नव्हता. वलयच एवढ्या लहान दुर्बिणींतून तसें दिसतें. पुढें फाब्रीनेंहि वलय मान्य केलें.

आणि तें मुलें गिळण्याचें रहस्य? वलयाचा व्यास सुमारें दोन लक्ष सत्तर हजार किलोमीटर आहे, पण त्याची जाडी बहुतेक ठिकाणीं शंभर मीटरांहूनहि कमी आहे. एखाद्या विस्तीर्ण कागदाची कड डोळ्यासमोर धरावी त्याप्रमाणें शनीच्या एका फेरींत दोनदां त्या वलयाची कड पृथ्वीकडे येते, आणि तें दिसेनासें होतें. १६१२ सालीं तेंच झालें. ही वेळ पुन्हां १६७१ सालीं येईल असें हॉयगेन्सनें वर्तविलें होतें, आणि त्या सालीं वलय खरोखरच अदृश्य झालें. उत्तर खरें असल्याची ही कसोटी. पुढें १८५९ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें गणितानें दाखविलें कीं, असें वलय एकसंध घट्ट असूं शकत नाहीं. तें असंख्य सुट्या कणांचेंच असलें पाहिजे. १८९५ सालीं जेम्स कीलर यानें वर्णपटाच्या साहाय्यानें तें प्रत्यक्ष सिद्ध केलें.

या हकीकतीला एक शेपूट आहे, आणि तें मंगळाचें. १८७७ च्या ऑगस्टमध्यें वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेंत असफ हॉल हा ज्योतिषी मंगळाचे चंद्र शोधीत होता. कांहींच सांपडत नाहीं असें पाहून तो नाद सोडण्याच्या बेतांत होता, तों त्याची पत्नी अँजेलिना हिनें त्याला पुन्हां दुर्बिणीकडे जाण्याचा आग्रह केला. त्याच महिन्यांत त्याला मंगळाचा एक चंद्र सांपडला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा. मंगळाला चंद्र बरोबर दोन! दोनशें सदुसष्ट वर्षांपूर्वीं केप्लरनें अक्षरें पिळून काढलेलें चुकीचें उत्तर खरें ठरलें. मग केप्लरला हें माहीत होतें असें म्हणावयाचें काय? नाहीं. हे चंद्र इतके चिमुकले आहेत, मोठ्याची लांबीरुंदी सरासरी बावीस किलोमीटरांच्या आसपास, कीं त्याच्या काळच्या कोणत्याहि दुर्बिणींतून ते दिसणें शक्यच नव्हतें. आणि पृथ्वीला एक, मंगळाला दोन, गुरूला चार, हा ज्या श्रेढीवर त्याचा अंदाज उभा होता तिला तर निसर्गांत कांहींच आधार नाहीं. गुरूचे चंद्र पुढें चारांवरून कितीतरी वाढले.

तिन्ही उखाण्यांचा हिशोब आतां मांडून पाहावा. शनीच्या उखाण्याचें अधिकृत उत्तर अक्षरशः बरोबर, पण वस्तुतः चुकीचें. मंगळाचें उत्तर उखाण्याला चुकीचें, पण वस्तुतः खरें. शुक्राचें तेवढें दोन्हीकडून खरें. आणि तें खरें ठरलें त्याला कारण असें कीं, तेथें आधीं प्रश्न नीट विचारला गेला होता, आणि एका उत्तरानें एक मत तरेल व दुसरें बुडेल अशी व्यवस्था त्या प्रश्नांतच होती. केप्लरचा अंदाज दैवानें खरा निघाला. दैवानें मिळालेल्या उत्तरावर पुढची पायरी चढतां येत नाहीं. गॅलिलिओचें 'तिहेरी' खोटें ठरलें. परंतु त्यानें जें दिसलें तेंच काढून ठेविलें होतें, म्हणून त्या चुकीवर पुढच्यांना पाय देतां आला.

घरोघरीं संध्याकाळीं गच्चीवर किंवा अंगणांत हा खेळ लहानथोरांना सहज खेळतां येण्यासारखा आहे. एकानें आकाशांतील एखादी वस्तु मनांत धरावी, बाकीच्यांनीं 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर मिळेल असे वीस प्रश्न विचारावेत. अमेरिकेंत १९४६ पासून आणि इंग्लंडांत १९४७ पासून याच धर्तीचा वीस प्रश्नांचा खेळ रेडिओवर चाले व घराघरांतून ऐकिला जाई. 'तो शनि आहे काय?' असा प्रश्न आरंभींच विचारणारें मूल एका प्रश्नांत एकच वस्तु वगळतें. 'ती स्वतःच्या तेजानें प्रकाशते काय?', 'ती ताऱ्यांमधून जागा बदलते काय?', 'ती मध्यरात्रीं डोक्यावर येते काय?' असे प्रश्न विचारणारें मूल एका फटक्यांत मोठा भाग बाजूला सारतें. शेवटच्या प्रश्नाला 'नाहीं' आलें कीं गुरु, शनि आणि मंगळ एकदम गळून पडतात, आणि शुक्र जवळ येतो. प्रत्येक प्रश्नानें निम्मा भाग गळत गेला तर वीस प्रश्नांत दहा लक्ष अठ्ठेचाळीस हजार पांचशें शहात्तर वस्तूंतून एक निवडतां येते. नुसत्या डोळ्यांनीं दिसणारे सर्व आकाशांतील तारे सहा हजारांच्या आसपास. त्यांना तर तेराच प्रश्न पुरतात. या खेळाला फ्लॉरेन्सच्या परीक्षेवरून आणखी एक नियम जोडावा. जो उत्तर सांगेल त्यानें, आपलें उत्तर चुकीचें असल्यास आकाशांत काय दिसेल, हेंहि सांगावें. ज्याला तें सांगतां येणार नाहीं, त्याचें उत्तर बरोबर आलें तरी गुण अर्धाच.

शनीचें वलय २३ मार्च २०२५ रोजीं पुन्हां एकदां कडेवर आलें होतें. त्यानंतर तें वर्षावर्षाला उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसावयाचें आहे. ज्यांच्या घरीं लहानशी दुर्बीण आहे त्यांनीं दर वर्षीं एकदां मुलांच्या हातीं कागद व पेन्सिल द्यावी, आणि वलयाविषयीं कांहींएक न सांगतां जें दिसेल तें काढावयास सांगावें. तारीख घातलेलीं अशीं सात-आठ चित्रें ओळीनें मांडलीं म्हणजे गॅलिलिओला जें उभ्या आयुष्यांत उलगडलें नाहीं, तें त्या मुलांना कोणीं न सांगतांहि ओळखतां येईल.